मेंटॉरसोबतचा एज्युकेशन रिसर्च प्रोजेक्ट: माझा रिव्ह्यू

कॉलेजच्या मेंटॉरशिप प्रोग्राममधून सहा महिने रिसर्च केला. विषय वेट टाइम, म्हणजे प्रश्न विचारल्यावर टीचर किती थांबतात. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक, त्यांनी १९७० च्या दशकातच दाखवलंय की सरासरी जेमतेम १ सेकंद, आणि ३ सेकंद थांबलं तरी मुलांची उत्तरं मोठी होतात. मला वाटलं सोप्पंय, स्टॉपवॉच घेऊन बसायचं. कसलं काय! वर्गातलं रेकॉर्डिंग शब्दशः टाइप केलं, तर त्या पहिल्याच ट्रान्सक्रिप्टवर मेंटॉर मॅडमनी लाल पेनाने गोल केला, "ही शांतता कुठली? प्रश्नानंतरची की मुलाच्या उत्तरानंतरची? दोन्ही वेगळ्या मोजतात." मी गप्प, त्याही गप्प, चांगले दहा सेकंद, आणि मग माझं मलाच उत्तर सुचलं तेव्हा कळलं वेट टाइम काय चीज आहे ते 😄

तक्रारी आहेतच. पालकांची संमतीपत्रं गोळा करण्यातच दीड महिना गेला, हे आधी कोणी सांगत नाही, आणि अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग टाइप करायला अख्खी संध्याकाळ जाते. मीटिंगही पंधरा दिवसांतून एकदाच. पण आधी मी बिनधास्त "सिद्ध झालं" लिहायचे, आता हात आपोआप "या दोन वर्गांत असं दिसलं" लिहितो. पाचपैकी चार स्टार, एक त्या संमतीपत्रांपायी कापला.