जबड्याची फिजिओथेरपी: दहा सेशनच्या पॅकेजमध्ये कामाचं किती?

कानापुढचा सांधा दुखतो, घास चावताना कट् वाजतं, सकाळी जबडा आंबलेला असतो. अशांना अनेक ठिकाणी दहा सेशनचं पॅकेज सुचवतात. ते घ्यावं का, हे पहिल्याच दिवशी कळतं. थेरपिस्टनं तोंड पूर्ण उघडायला लावून, पट्टीनं वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मोजलं का? साधारण 40 ते 50 मिलिमीटर हवं; घरगुती माप म्हणजे आपलीच तीन बोटं एकावर एक मावली पाहिजेत. जबडा उघडताना एका बाजूला सरकतो का, मान किती वळते, हेही बघायला हवं. माप लिहून ठेवलं नाही, तर फरक पडला हे ठरवणार कशावरून?

टेन्स (त्वचेवरून दिलेला सौम्य विजेचा प्रवाह) किंवा अल्ट्रासाउंडच्या (ध्वनिलहरींच्या) शेकाची दहा मिनिटं हा पॅकेजमधला सगळ्यात फुसका भाग. तात्पुरतं बरं वाटतं, इतकंच. गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलचा शेक घरी फुकट होतो.

पैसे द्यायचे ते हाताच्या कामाचे. ग्लोव्ह घालून अंगठा गालाच्या आत, बोटं बाहेर, आणि मधला मॅसेटर, म्हणजे गालातला चावण्याचा स्नायू, चिमटीत धरून हळूहळू सैल करणं. मग खालच्या दाढांवर अंगठा टेकवून जबडा अलगद खाली ओढणं. दुखतं, पण सोसवेल इतपतच दुखावं.

घरचा व्यायाम चिलीचे फिजिओथेरपिस्ट रोकाबादो यांच्या पद्धतीतला: जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला टेकवायचं, ते न सोडता जितकं उघडेल तितकंच तोंड उघडायचं. सहा वेळा, दिवसातून सहादा. बिघडतं ते इथेच. लोक जोर लावून पूर्ण ‘आ’ करतात, वर आवाज येतो का ते तपासत बसतात. नुसता आवाज असेल आणि दुखत नसेल, तर उपचार लागत नाहीत. एरवी ओठ मिटलेले, दात सुटे. जांभईला हनुवटीखाली मूठ. चिक्की, ऊस, च्युइंगगम काही आठवडे बंद. भाकरी दुधात कुस्करून चालेल.

सुपारी-गुटखा खाणाऱ्याचं तोंड उघडेनासं झालं, तिखट झोंबू लागलं, तर पॅकेज विकणाऱ्यानं आधी दंतवैद्याकडे पाठवलं पाहिजे. चालताना जबडा दुखून घाम फुटला, तर थेट हॉस्पिटल.

आमचं मत: दहाचे आगाऊ पैसे भरू नका. चार सेशन घ्या, पुन्हा पट्टी लावायला सांगा. दुखणं आणि माप दोन्ही जागच्या जागी असेल, तर पुढची सहा टाळा.