मेलबर्नमधील शस्त्रमाफी सेवा: एक अनुभव

शेजारच्या वृद्ध गृहस्थांच्या दिवंगत भावाची बिनपरवाना पॉइंट टू-टू रायफल शस्त्रमाफी सेवेखाली, म्हणजे बेकायदा बंदूक शिक्षेच्या भीतीशिवाय सोपवता येणाऱ्या योजनेत, जमा करण्यासाठी त्यांच्यासोबत मेलबर्नमधील एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे गेलो होतो. आधी फोन केल्यामुळे खोळंबा झाला नाही. घोंगडीत गुंडाळलेल्या त्या रायफलीच्या दस्त्यावरचे पॉलिश गाल टेकून टेकून उडाले होते. विक्रेत्याने ती रिकामी असल्याची खात्री केली आणि ती कुठून आली याची चौकशी न करता ठेवून घेतली.

१ जुलै २०२१ पासून कायमस्वरूपी सुरू झालेल्या या सेवेत मोबदला मिळत नाही, ही माझ्या मते मोठी उणीव आहे, कारण १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातीलच पोर्ट आर्थर येथे गोळीबारात ३५ जण मारले गेल्यानंतर सरकारने कायदा कडक करून, भरपाई देऊनच सुमारे साडेसहा लाख बंदुका गोळा केल्या होत्या. बंदुकीने होणाऱ्या हत्या त्याआधीपासूनच घटत होत्या, त्यामुळे त्या कायद्याला श्रेय किती द्यावे यावर संशोधकांत मतभेद आहेत. बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या त्या कायद्यामुळे घटल्याचा पुरावा मात्र मला अधिक भक्कम वाटतो. घरफोडीत चोराच्या हाती लागू शकणारी एक बंदूक कमी झाली, एवढ्यासाठीही ही सेवा मी आवर्जून सुचवेन. गोळ्या मात्र वेगळ्या डब्यात न्याव्यात.