संगणकाने अरबी हस्ताक्षर वाचायला: सीआरएनएन की ट्रान्सफॉर्मर?

देवनागरीत शिरोरेषा पुसली की बरीच अक्षरं सुटी होतात. अरबीत ही सोय नाही: 28 पैकी 22 अक्षरं पुढच्या अक्षराला जोडूनच लिहितात. त्यामुळे अक्षरं कापून ओळखण्याच्या फंदात पडू नये. ठरलेलेच शब्द असतील तर अख्खा शब्द ओळखणारं साधं सीएनएनही (चित्रातले आकार ओळखणारं न्यूरल जाळं) भागवतं. मुक्त मजकुराला मात्र मुख्य दोन पर्याय उरतात: सीआरएनएन आणि ट्रान्सफॉर्मर.

सीआरएनएन म्हणजे सीएनएन, त्यावर दुहेरी एलएसटीएम (क्रम दोन्ही बाजूंनी वाचणारं जाळं) आणि शेवटी सीटीसी (चित्राच्या उभ्या स्तंभांचा अक्षरांच्या क्रमाशी मेळ घालणारी पद्धत). ओळीचं चित्र आणि तिचा मजकूर एवढं दिलं की पुरतं. याच घराण्यातल्या जाळ्याने ग्रेव्ह्ज आणि श्मिडह्यूबर या संशोधकांनी 2008 मध्ये ट्युनिशियातल्या गावांच्या नावांचे 91.4 टक्के शब्द बरोबर ओळखले होते. सीटीसी क्रम उलटवत नाही. फाइलमधला मजकूर वाचनक्रमाने असतो, चित्रातली ओळ मात्र उजवीकडून सुरू होते आणि जाळं ती डावीकडून वाचतं. म्हणून चित्र आरशातल्यासारखं आडवं उलटवा. हे राहिलं तर लॉस (शिकवतानाच्या चुकीचं माप) उतरायचा अडकतो आणि उत्तर कोरं येतं.

खरी मारामारी नुक्त्यांची, म्हणजे अक्षरांच्या ठिपक्यांची आहे. शब्दाच्या मध्ये बा, ता, सा, नून, या पाचही एकसारखा दात. फरक फक्त ठिपके किती आणि वर की खाली. त्यात घाईत लिहिणारा दोन ठिपक्यांची एक आडवी रेघ ओढतो. ओळीची उंची 32 पिक्सेल ठेवली तर ठिपका जेमतेम एक-दोन पिक्सेलचा उरतो आणि चित्रातले बारीक डाग पुसणारा मीडियन फिल्टर तोही गिळतो. उंची 64 ते 96 ठेवा, जाळ्याच्या आत रुंदी चौपटीपेक्षा जास्त आकसू नका. लाम-मीम-हा ही तीन अक्षरं एकावर एक रचून लिहिली की तिघांना मिळून मोजकेच स्तंभ मिळतात आणि एखादं अक्षर गळतं.

ट्रान्सफॉर्मर (अख्खं चित्र पाहून एकेक अक्षर लिहीत जाणारं जाळं) इथे वरचढ: तो स्तंभांना बांधलेला नाही. पण टीआरओसीआर हा तयार ट्रान्सफॉर्मर प्रत्येक चित्र 384 × 384 च्या चौकोनात कोंबतो; 2000 × 100 ची ओळ आडवी पाचपट दबते आणि शेजारचे ठिपके एक होतात. ओळ तोडून द्या. त्याचा मूळ डिकोडर (मजकूर लिहिणारा भाग) इंग्रजीचा, तोही बदलावा लागतो. शिवाय ट्रान्सफॉर्मर चुकतो तेव्हा अस्खलित चुकतो, न लिहिलेला पण खरा शब्द देतो. सीटीसीची चूक निदान डोळ्यांना खुपते. नावांच्या नोंदी वाचायच्या असतील किंवा हाताशी काही हजारच ओळी असतील, तर सीआरएनएनच घ्या.

चाचणीत तेच लेखक पुन्हा येऊ देऊ नका. चुका दोनदा मोजा: एकदा जशाच्या तशा, एकदा दोन्ही मजकुरांतले नुक्ते काढून. दुसऱ्यांदा आकडा धाडकन उतरला, तर मॉडेल बदलण्याआधी चित्राची उंची वाढवून बघा.