ऑडिओ गाइड: घंटेला अकरा मिनिटं, राज्यघटनेला दोन

फिलाडेल्फियाचा इंडिपेंडन्स हॉल बघायला निघालो तेव्हा मुलाने फोनवर एक ऑडिओ गाइड घेऊन दिलं. आठ डॉलर. मी तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलंय, त्यामुळे तक्रार जरा मास्तरणीची वाटेल. वाटू दे.

आवाज गोड, रस्ता कुठेही चुकला नाही. लिबर्टी बेल या प्रसिद्ध घंटेच्या तड्यावर सलग अकरा मिनिटं. आणि हॉलमधल्या ज्या खोलीत १७८७ साली राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेत अमेरिकेची राज्यघटना घडली, तिथे जेमतेम दोन! त्यातही काय, तर 'सर्वांनी एकमताने राष्ट्राध्यक्षपद निर्माण केलं.'

एकमताने? अहो, १ जूनला जेम्स विल्सनने कार्यकारी सत्ता एकाच माणसाकडे द्यायचं सुचवलं आणि सभा चिडीचूप झाली. ब्रिटनच्या राजाशी चाललेलं युद्ध संपून चारच वर्षं झालेली. खुद्द विल्सनच्या पेनसिल्व्हेनियाने १७७६ मध्ये गव्हर्नर नकोच म्हणून बारा जणांचं मंडळ नेमलं होतं. ८१ वर्षांचे फ्रँकलिन 'मतदानाआधी बोला तरी' म्हणाले, तेव्हा कुठे तोंडं उघडली. व्हर्जिनियाच्या रँडॉल्फने तर याला राजेशाहीचा गर्भच म्हटलं. त्याला एकाच्या जागी तिघे हवे होते. ४ जूनला एकाच प्रमुखाच्या बाजूने मत पडलं ते सात राज्यं विरुद्ध तीन.

गाइडमध्ये त्या शांततेचा उल्लेख आहे, नाही असं नाही. पण म्हणे, 'सगळ्यांच्या नजरा अध्यक्षांच्या खुर्चीतल्या वॉशिंग्टनकडे वळल्या.' इथे मी इअरफोन काढला. एरवी सभेचे अध्यक्ष वॉशिंग्टनच, पण त्या दिवशी सगळी सभा मोकळ्या चर्चेसाठी समितीच्या रूपात बसली होती आणि अध्यक्षस्थानी नॅथॅनिएल गोरहॅम हे प्रतिनिधी होते. वॉशिंग्टन खाली, व्हर्जिनियाच्या प्रतिनिधींमध्ये. आणि ४ तारखेला त्यांनी मत दिलं ते एकाच कार्यकारी प्रमुखाच्या बाजूने! ते पद आपल्याकडेच येणार हे सगळ्यांना ठाऊक असताना हात वर करायचा... मी असते तर खाली बघूनच केला असता.

कठड्याशी उभ्या असलेल्या, हॉल दाखवणाऱ्या सरकारी रेंजरबाईंना मी हे बोलून दाखवलं. त्या हसल्या आणि पुढचा गट येईपर्यंत हिरव्या कापडाच्या टेबलांकडे बोट दाखवत बोलत राहिल्या. आमच्या ह्यांचे गुडघे तोवर बोलू लागले होते.

पाचपैकी दोन तारे, तेही घंटेसाठी. हॉलमध्ये शिरताना इअरफोन पर्समध्ये टाका आणि रेंजरला प्रश्न विचारा.