कॅम्परच्या (राहण्याची सोय असलेल्या ट्रेलरच्या) आतल्या पायऱ्या: पुन्हा कार्पेट की व्हिनाइल?

दोन्हींत आधी जुन्या स्टेपल पिना उपटायच्या. पकडीने एकूण एक काढा. उरलेली पिन कार्पेट पोटात घेतं, पण पातळ व्हिनाइलवर तिचा उंचवटा उमटतो. प्लायवुड अंगठ्याने दाबून बघा. दबलं तर आधी गळती शोधा.

कार्पेट सोपं. ६० सेंमी रुंद, २५ खोल आणि २० उंच पायरीला साधारण ६० × ५० सेंमी तुकडा लागतो. आखूड लूपचंच (धाग्यांचे न कापलेले वेढे असलेलं) घ्या. पायरीच्या कडेवर लूप फाकतात आणि खालचं जाळं दिसू लागतं, म्हणून लूपच्या ओळी कडेला काटकोनात ठेवा. आतल्या कोपऱ्यात १० मिमीच्या पिना मारा.

व्हिनाइल मात्र घाई खपवून घेत नाही. बंद ट्रेलर उन्हात तापला की स्वतः चिकटणाऱ्या पट्ट्यांचा गोंद मऊ होऊन त्या सरकतात. त्यामुळे पायरी आणि व्हिनाइल, दोन्हींच्या पृष्ठांना काँटॅक्ट अॅडहेसिव्ह (दोन्ही बाजूंना लावून थोडा वाळू देऊन चिकटवायचा गोंद) लावा, बोटाला चिकटेनासं झाल्यावरच दाबा. पुढच्या कडेला स्क्रूने बसवायची अॅल्युमिनियम नोझिंग (कड झाकणारी पट्टी) हवीच, नाहीतर कड तुटते. ओल्या पायांसाठी खरबरीत पट्टी लावा.

दाराजवळ, जिथे चिखलाचे बूट येतात, तिथे व्हिनाइलच. बेडरूमकडे चढणाऱ्या पायऱ्यांना कार्पेट बरं: अनवाणी पायांना ऊब, आवाजही कमी.