भिंतीवरची बांबूउडी : मल्हारगंजच्या पेंटरदादांना पाचपैकी चार

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण दुकानाला नाव नाही. इंदूरच्या मल्हारगंजात एका चहाच्या टपरीला लागून अर्ध्या शटरची खोली आहे, आत रंगाचे डबे आणि एक मोडकी खुर्ची. चाळीस वर्षं लोकांच्या पाट्या रंगवणाऱ्या माणसानं स्वतःची पाटी काही रंगवलेली नाही. विचारलं तर म्हणतात, "आवाज दिला की मी बाहेर येतो, पाटी कशाला?"

काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर दर ऐकून बरेच जण चमकतील. मी सुदामानगरात राहते. पस्तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली. आता संध्याकाळी घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर वीस-बावीस मुलं मल्लखांबाला येतात. (प्लॉट दिरांचा आहे. ते बांधेपर्यंत आमचा.) त्यातल्या चौघांना गेल्या वर्षी बांबूउडीचं, म्हणजे लांब दांडा रोवून आडव्या दांडीवरून उडी मारायचं, वेड लागलं, त्याला कारण देव मीणा. आपल्या देवास जिल्ह्यातला मुलगा, जुलै २०२५ मध्ये जर्मनीत जागतिक विद्यापीठ स्पर्धेत ५.४० मीटर उडाला, तो तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. मुलांनी विचारलं, "बाई, पाच चाळीस म्हणजे किती?" मी हात वर केला, मग आणखी वर केला, मग माझ्याच घराच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "वरच्या खिडकीचा छज्जा दिसतो ना? त्याच्या वीतभर खाली." सगळे गप्प. एकानं मल्लखांबाकडे पाहिलं, मग पुन्हा खिडकीकडे.

तेव्हाच ठरवलं की प्लॉटकडची ती आख्खी भिंत मोजपट्टी करायची. जमिनीपासून गच्चीपर्यंत, आणि प्रत्येक उंचीवर एक नाव. नावं अमेरिकेतल्या कॉलेज विजेत्यांची. ऑलिंपिकवाल्यांची लिहिली की मुलं लांबून हात जोडतात. मला एकोणीस-वीस वर्षांची, परीक्षा बुडवून सरावाला जाणारी पोरं हवी होती. तिथली कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा १९२१ पासून चालू आहे आणि या खेळातली निम्मी मोठी नावं तिच्यातूनच वर आली आहेत.

दोन फ्लेक्सवाल्यांना विचारलं होतं. एकानं वीस फुटी फ्लेक्स सांगितला, एका उन्हाळ्यात फाटणारा. दुसऱ्यानं आकडे ऐकूनच फोन ठेवला. पेंटरदादा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवर आले, भिंत पाहिली, आणि पहिला प्रश्न विचारला, "फुटात का मीटरमध्ये?" त्याच क्षणी काम त्यांना दिलं. या खेळाची जुनी सगळी भांडणं फुटांचीच: पंधरा फूट कोण ओलांडणार, सोळा कोण, सतरा कोण. डाव्या बाजूला फूट, उजव्या बाजूला मीटर, असं ठरलं. बांबूवाल्यांना हळदी रंग, धातूच्या दांड्यावाल्यांना राखाडी, फायबरग्लासवाल्यांना निळा.

आता तक्रार. पहिल्या दिवशी मी बँकेत गेले होते. परत येऊन पाहते तर स्वीडनच्या ड्युप्लांटिसची सहा मीटरची रेघ गच्चीच्या स्लॅबला टेकलेली. दादांनी टेप जोत्यावरून धरला होता! घराचं जोतं दीड फूट. भिंत तिथून सुरू होते म्हणून माप तिथून, हा त्यांचा हिशेब. मी म्हटलं, "दादा, उडी मारणारा जोत्यावरून पळत नाही." त्यांनी वाद घातला नाही. पाणनळी आणली, प्लॉटच्या पातळीची खूण काढली, ओळंबा सोडला आणि सगळ्या रेघा पुसून नव्यानं दोरी मारली. त्याचे जादा पैसे घेतले नाहीत, पण दोन दिवस गेले. चार दिवसांचं काम अकरा दिवस चाललं, कारण मधे त्यांच्या नात्यात लग्न निघालं. एक तारा तिथे गेला.

अक्षर मात्र असं की रस्त्यावरून जाणारी माणसं थांबतात. फ्लेक्सच्या छापील अक्षरांनी डोळे इतके मेले आहेत की ब्रशनं ओढलेला 'र्म' दिसला की बरं वाटतं. आणि दादा लिहिता लिहिता प्रश्न विचारतात, त्यामुळे रोज दुपारी परांचीखाली चहा घेऊन उभं राहणं हे माझं कामच झालं.

सगळ्यात खालच्या हळदी रेघेवर दोन नावं आहेत, सेफ्टन आणि मेडोज. दादांना वाटलं माझ्या यादीत चूक आहे. चूक नाही. दोघं दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे. त्या काळी बरोबरी झाली की विजेतेपद वाटून द्यायचे, आणि या दोघांनी कॉलेजचं विजेतेपदही वाटून घेतलेलं. १९३६ साली मेडोजनं बर्लिनला सुवर्ण जिंकलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात लॉस एंजेलिसला दोघंही एकाच दिवशी १४ फूट ११ इंच उडाले. "मग पंधरा कोणी केलं?" इंचभर वरच्या रेघेवर वॉर्मरडॅम आहे. तो कॉलेज संपवून शाळेत शिकवत होता तेव्हा, एप्रिल १९४० मध्ये, बांबूवर पंधरा फूट उडाला. माझ्या नियमात तो बसत नाही. पण शिक्षक होता, म्हणून मी बसवला. भिंत माझी आहे. दुसरं कोणी पंधरा ओलांडायच्या आधी त्यानं ती उंची त्रेचाळीस वेळा ओलांडली, आणि १९४२ मध्ये १५ फूट पावणेआठ इंचांवर त्याची रेघ गेली ती पुढे पंधरा वर्षं कोणाला हलवता आली नाही.

इथेच दादांनी ब्रश थांबवला. डॉन ब्रॅगची राखाडी रेघ हळदी रेघेच्या खाली येत होती. ब्रॅग व्हिलानोवाचा, १९५५ चा कॉलेज विजेता, टारझनसारखी आरोळी ठोकणारा गडी. १९६० मध्ये रोमला ४.७० मीटरवर त्यानं सुवर्ण घेतलं. "धातू आला आणि उंची कमी झाली?" ब्रॅगची याहून मोठी उडीही होती, पण रोमची रेघ मी मुद्दाम घेतली. वीस वर्षं धातूचे दांडे घेऊन माणसं बांबूच्या आसपासच घुटमळत होती, हे मी कितीदा वाचलं असेल. पण हळदी आणि राखाडी रेघा वीतभर जागेत एकमेकींत अडकलेल्या पाहिल्यावर पहिल्यांदा कळलं. मग फायबरग्लास आला. तो वाकतो, पळण्याचा वेग पोटात साठवतो आणि सरळ होताना माणसाला वर फेकतो. फेब्रुवारी १९६२ मध्ये सोळा फूट झाले, ऑगस्ट १९६३ मध्ये सतरा. दीड वर्षात एक फूट!

धातूवाल्यांत आणखी एक आहे, गुटोव्स्की. १९५७ च्या कॉलेज स्पर्धेत तो ४.८२ उडाला, पण त्याचा दांडा आडव्या दांडीखालून पलीकडे गेला म्हणून विक्रम मान्य झाला नाही. दादांनी आयुष्यभर पानटपऱ्या रंगवल्या असल्यानं 'गुट' लिहून झाल्यावर हात आपोआप 'खा'कडे वळला. पुसल्याची खूण अजून दिसते. मी ती राहू दिली.

निळ्यातली पहिली रेघ १६ फूट ८ इंचांवर, ब्रायन स्टर्नबर्ग. माझ्या वरच्या खोलीत मी खिडकीशी उभी राहिले की ती डोक्याच्या दोन बोटं वर येते. वॉशिंग्टन विद्यापीठाचा मुलगा, १९६३ चा कॉलेज विजेता, वय एकोणीस. त्याच वर्षी जुलैत ट्रॅम्पोलिनवर सराव करताना मानेवर पडला आणि मानेखालचं शरीर लुळं पडलं. त्यानंतर तो जवळजवळ पन्नास वर्षं जगला. दादांनी ऐकून घेतलं आणि परांचीवरून खाली प्लॉटकडे पाहत विचारलं, "तुमच्या पोरांच्या खाली गादी आहे ना?" आहे. एक फाटली होती, ती त्याच आठवड्यात बदलली.

दक्षिण कॅलिफोर्नियाचाच सीग्रेन छज्जाच्या अगदी बुडाशी, ५.६३. त्याची गोष्ट लांब आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला त्याचा दांडा काढून घेतला आणि १८९६ पासून अमेरिकेकडे असलेलं ऑलिंपिक सुवर्ण तिथे सुटलं. राइस विद्यापीठाचा रॉबर्ट्स आणि आर्कान्सा स्टेटचा बेल, दोघंही तीन-तीनदा कॉलेज विजेते, छज्जाच्या सावलीत गेले. संध्याकाळनंतर वाचता येत नाहीत. हा दोष दादांचा नाही, ज्यानं छज्जा काढला त्याचा.

खरी परीक्षा सगळ्यात वर होती. टेनेसीच्या लॉरेन्स जॉन्सनचे १९९६ चे ५.९८, नील्सनचे ५.९५ आणि ड्युप्लांटिसचे सहा. पाच सेंटीमीटरमध्ये तीन नावं, अक्षर बसणार कुठे? दादांनी एक नाव डावीकडे, एक उजवीकडे आणि एक बाण काढून पाइपच्या पलीकडे नेलं. परांचीवर तीन तास गेले. मग पुन्हा प्रश्न: "हा ड्युप्लांटिस वर आहे, मग जिंकला हाच ना?" नाही. मे २०१९ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून खेळताना तो सहा उडाला, पण जूनमध्ये ऑस्टिनला मैदानी कॉलेज विजेतेपद साउथ डकोटाच्या नील्सननं नेलं, ५.९५ विरुद्ध ५.८०. ड्युप्लांटिस एका वर्षात कॉलेज सोडून व्यावसायिक झाला, ते विजेतेपद त्याच्या नावावर नाहीच. दादा खुश झाले. त्यांनी नील्सनपुढे न विचारता एक छोटा पिवळा तारा काढला. त्याचे पैसे लावले नाहीत.

देव मीणाची रेघ लाल आहे, मुलांच्या हट्टानं. तिच्या खाली चौघांनी खडूनं आपापल्या रेघा मारल्यात. त्या अजून तळमजल्याच्या खिडकीच्या गजांशी आहेत. एका मुलीनं विचारलं, "बाई, आमच्या कुठे?" आमच्या कॉलेजात मुलींना बांबूला हात लावू देत नव्हते, आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची बांबूउडी यायला २००० साल उजाडलं. तिची भिंत मागच्या बाजूला, पुढच्या हिवाळ्यात.

दर : साडेआठ हजार, रंग आणि परांची धरून. प्रायमर दोन हात मारला, माझ्यासमोर. जास्वंदीवर निळे थेंब सांडलेत, ते पुसले नाहीत. पावसाळा अजून बघायचा आहे. लग्नसराईत आणि दिवाळीआधी त्यांच्याकडे जाऊ नका. सकाळी नऊच्या आत टपरीवर भेटतात.

सगळ्यात वर ड्युप्लांटिसचीच ६.३० ची रेघ आहे, सप्टेंबर २०२५ ची, टोकियोची. तिच्यावर स्लॅबपर्यंत सहा इंच कोरी जागा ठेवलीय. तो मुलगा सेंटीमीटर सेंटीमीटरनं चढतो, हे दादांना सांगितलं. त्यांनी मान वर करून जागा पाहिली आणि म्हणाले, "दर सेंटीमीटरला परांची लावायची झाली तर हिशेब वेगळा करावा लागेल, ताई."