लेझरनंतर पावसाळा ते उन्हाळा: नंबर गेला, डोळा तोच आहे

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगते. दोन्ही डोळ्यांना उणे सहाच्या आसपास नंबर होता, तो लेझरने घालवला. आता चष्म्याशिवाय ६/६ ची ओळ वाचता येते आणि मी समाधानी आहे. पण तक्त्यावरची ओळ वाचणं वेगळं आणि रात्री घोडबंदर रोडवर गाडी चालवणं वेगळं. मला जास्त लिहायचंय ते या दुसऱ्या गोष्टीबद्दल.

आधी कॉर्नियाचं गणित. डोळा प्रकाश वळवतो त्यातलं जवळजवळ दोन तृतीयांश काम बुबुळासमोरचा हा पारदर्शक थर करतो. उणे नंबर घालवायचा तर लेझरने तो मध्यभागी चपटा करतात. एका नंबरामागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जातात, म्हणजे माझे ८० च्या आसपास. कॉर्नियाची सरासरी जाडी ५४० मायक्रॉन धरतात, माझी ५०० च्या जरा खाली निघाली. लॅसिक या नेहमीच्या लेझर पद्धतीत वरून साधारण ११० मायक्रॉनचा पापुद्रा उचलतात. तो परत बसवला तरी कॉर्नियाला पूर्वीचा भक्कमपणा देत नाही. खाली निदान २५० तरी उरावेत, बरेच डॉक्टर ३०० सांगतात. माझं जेमतेम बसत होतं, म्हणून डॉक्टरांनी पापुद्रा न उचलता पृष्ठभागावरूनच करायची पीआरके सुचवली. पटलं. जे कमी होतं ते पुन्हा वाढत नाही. कॉर्निया फारच पातळ झाला तर पुढे फुगून वाकडा होऊ शकतो. स्कॅन करून हे आकडे समजावून न सांगता थेट तारीख देणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. स्कॅनआधी डॉक्टर सांगतील तितके दिवस कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवा, नाहीतर आकार चुकीचा येतो.

पीआरकेचे पहिले चार-पाच दिवस कठीण. डोळ्यांवर बँडेज लेन्स, सतत पाणी, उजेड सोसत नाही. आई डोंबिवलीहून येऊन राहिली, वेळेवर थेंब घालणं तिनेच सांभाळलं. वरची नाजूक त्वचा भरली की दुखणं थांबतं, पण नजर लगेच स्वच्छ होत नाही. सकाळी स्पष्ट, संध्याकाळी धूसर, असं बरेच आठवडे चाललं. घाबरू नका. आणि बाहेर पडताना गॉगल लावाच. उन्हाने कॉर्नियावर धुरकटपणा येण्याचा धोका वाढतो.

कोरडेपणा मात्र चिवट. लेझरमध्ये कॉर्नियाच्या बारीक नसा तुटतात. डोळा कोरडा झाल्याची खबर त्याच देतात, आणि त्या पुन्हा वाढायला सहा महिने ते वर्ष लागतं. त्यात माझं ऑफिस ऐरोलीला, दिवसभर एसी आणि स्क्रीन. हिवाळ्यात दुपारनंतर डोळे चुरचुरायचे. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, छोट्या कुपीतले थेंब महाग पडतात, पण वारंवार घालायचे तर तेच बरे. आता दिवसातून एखाद्या वेळेस लागतात.

रात्रीचं बघा. अंधारात बाहुली मोठी होते आणि लेझर केलेल्या भागाच्या कडेवरूनही प्रकाश आत येतो. समोरून ट्रक आला की दिव्याभोवती मोठं वलय, पावसात तर अख्खा रस्ता पसरलेला. सुरुवातीचे महिने मी रात्री गाडी चालवलीच नाही. आता वलयं बारीक झाली आहेत, पूर्ण गेलेली नाहीत. ज्यांचं पोट रात्रीच्या ड्रायव्हिंगवर आहे त्यांनी हा प्रश्न आधी विचारावा, अंधारात आपली बाहुली किती मोठी होते तेही मोजून घ्यावं.

स्कॅनमधून कॉर्नियाचा जो रंगीत नकाशा निघतो त्यात फरक डोळ्यांदेखत दिसतो: मधला वक्रतेचा आकडा ४४ वरून ३९ च्या घरात आलाय, आणि चपटा झालेला भाग निळा. पण हा बदल फक्त पुढच्या थरात आहे. उणे नंबरवाला डोळा मागे लांबट असतो, तो तसाच राहतो, आणि त्याच्या पडद्याला असलेला धोकाही. त्यामुळे बाहुली मोठी करून वर्षातून एकदा पडदा तपासून घेणं मी सोडणार नाही. दुसरं, पातळ कॉर्नियामुळे डोळ्याचं प्रेशर मशीनवर खऱ्यापेक्षा कमी दिसतं. स्टेरॉइडचे थेंब चालू असताना प्रेशर वाढू शकतं, म्हणून त्या काळातली तपासणी चुकवू नये.

माझ्या काकूने चौकशी करून स्वतःसाठी लेझर नको म्हटलं, आणि मला तिचं बरोबर वाटतं. चाळिशीनंतर उणे नंबरवाले चष्मा काढून बारीक अक्षर आरामात वाचतात. नंबर पूर्ण घालवला की ही सोय जाते आणि वाचायला चष्मा लागतो. नंबर अजून बदलतोय किंवा डोळे चोळायची सवय आहे, त्यांनीही थांबावं.

शस्त्रक्रियेआधीचे सगळे रिपोर्ट आणि नकाशे मात्र जपून ठेवा. पुढे मोतीबिंदू झाला तर आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढायला मूळ आकडे कामाला येतात, आणि तेव्हा ते केंद्र चालू असेलच असं नाही. मी फाइलची एक प्रत घरी ठेवली आहे, एक भावाकडे.